घरचा सर्व्हर: फोटो सगळ्यात शेवटी

घरी सर्व्हर, म्हणजे घरातल्या फाइली सांभाळणारा कायम चालू संगणक, चालवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी फोटोंनाच हात घालतात. फोनमधली जागा संपत आलेली असते, क्लाउडवर दरमहा पैसे भरा असा निरोप आलेला असतो, आणि फोटो स्वतःच्या सर्व्हरवर साठवणारं इमिच नावाचं अ‍ॅप नुकतंच कुणीतरी दाखवलेलं असतं. मग सुट्टीच्या दोन दिवसांत जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही यंत्रणा चढते, घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यावर येतात आणि फोन रिकामे होतात. मीही हेच केलं. त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरातले सगळे फोटो एकाच डिस्कवर होते, आणि मला मात्र खात्री होती की रोज रात्री त्यांची दुसरी प्रत निघते आहे. ती प्रत कुठे जात होती ते बॅकअपच्या भागात सांगते.

त्या अनुभवातून मी क्रम बदलला. आधी यंत्र, मग लिनक्स, मग गेली तरी चालेल अशी एखादी सेवा, मग बॅकअप, मग बॅकअपमधून सगळं परत उभं करण्याची तालीम, आणि त्यानंतरच फोटो. घाई केली नाही तर याला महिना-दीड महिना लागतो. लिनक्स कधीच न वापरलेल्या माणसालाही हे जमतं, फक्त पायऱ्या गाळायच्या नाहीत.

एक सूचना आधीच देते. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहायच्या. लिनक्स मोठं आणि लहान अक्षर वेगळं मानतं.

यंत्र कोणतं घ्यायचं

नवीन काही विकत घेऊ नका. घरात पडून असलेला ६४ बिटचा कोणताही लॅपटॉप किंवा डेस्कटॉप सुरुवातीला पुरतो. ४ जीबी रॅमवर पहिल्या सेवा नीट चालतात. पुढे फोटोंमधले चेहरे ओळखायचं काम द्यायचं असेल तर ८ जीबी असलेली बरी.

यंत्र चोवीस तास चालू राहणार, म्हणून वीज मोजा. १० वॉट घेणारं यंत्र वर्षाला साधारण ८८ युनिट खातं, ६० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप ५२५ च्या आसपास. काही वर्षं चालवायचं असेल तर या फरकाच्या पैशांत छोटा मिनी पीसी येतो का, हा हिशेब करून बघा. पण तो पहिल्या महिन्यात नको. आधी हे काम आपल्याला आवडतंय का ते कळू द्या.

लॅपटॉपचा फायदा असा की वीज गेली तर बॅटरी त्याला सांभाळून घेते. तोटाही बॅटरीचाच. कायम चार्जिंगवर राहिलेली बॅटरी कालांतराने फुगू शकते. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा. लॅपटॉपचं बूड किंवा टचपॅड वर आलेलं दिसलं तर त्या दिवसापासून तो वापरू नका. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरणार असाल तर तो मेमरी कार्डावर चालवू नका, सततच्या लिखाणाने ती कार्डं झिजतात. त्याला यूएसबीने एसएसडी जोडा.

डिस्कच्या बाबतीत मात्र ‘घरात पडून आहे’ एवढं कारण पुरेसं नाही. लिनक्स चढल्यावर ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकून ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत बघा. त्या लांबलचक यादीतल्या दोन ओळी महत्त्वाच्या: बदललेल्या सेक्टरांचा आकडा आणि बदलायच्या राहिलेल्या सेक्टरांचा आकडा. दोन्ही शून्य हवेत. दुसरा आकडा शून्य नसेल, किंवा पहिला आठवड्यागणिक वाढत असेल, तर ती डिस्क खेळायला ठेवा, त्यावर जपायचं काही ठेवू नका.

लिनक्स चढवणं

लिनक्सचे प्रकार इतके आहेत की नवा माणूस निवडण्यातच महिना घालवतो. मी डेबियन घ्या म्हणेन. १९९३ पासून स्वयंसेवक ते चालवत आले आहेत, साधारण दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला जवळजवळ पाच वर्षं सुरक्षेची अपडेट मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, आली. सर्व्हर रोज बदलणारा नको, आणि डेबियन हळू बदलतं हीच त्याची ताकद आहे. उबुंटूची दीर्घकाळ चालणारी आवृत्तीही चांगली आहे. ती तुमच्या ओळखीच्या कुणाकडे असेल तर तीच घ्या, कारण अडल्यावर विचारायला माणूस असणं याहून मोठा गुण नाही.

डेबियनच्या संकेतस्थळावरून ‘नेटइन्स्ट’ ही इन्स्टॉलची छोटी फाइल (इमेज) उतरवा आणि बॅलेना एचर किंवा रूफसने ती पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग यंत्र बंद करा, आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवा. फक्त ज्यावर लिनक्स बसणार ती एसएसडी आत राहू द्या. इन्स्टॉलर ‘कोणती डिस्क पुसू?’ असं विचारतो तेव्हा दोन सारख्या दिसणाऱ्या नावांतून एक निवडायची वेळच येऊ देऊ नका.

इन्स्टॉलर मराठीतूनही चालतो. तरीही यंत्रणेची भाषा मी इंग्रजी ठेवते, कारण चुकीचा संदेश आला की तो जसाच्या तसा शोधावा लागतो आणि मराठी संदेशाचं उत्तर सहसा सापडत नाही. याने मराठी मजकुराचं काही अडत नाही, फाइलींची नावं देवनागरीत बिनदिक्कत चालतात. त्यात एक मेख मात्र आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा लांब चालत नाही. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे हाताशी उरतात ८५ चिन्हं. विंडोजवरून फाइली आणताना ‘नाव फार मोठं आहे’ अशी तक्रार आली तर कारण हे असतं. नाव आखूड करा, दुसरा उपाय नाही.

पुढे रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारला जातो, तो कोरा सोडा. मग डेबियन ‘सुडो’ आपोआप बसवतं आणि तुमच्या नेहमीच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार मिळतात. सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर डेस्कटॉपवरची खूण काढा, ‘एसएसएच सर्व्हर’ आणि ‘नेहमीची साधनं’ या दोनच खुणा ठेवा. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर दिसला की काही बिघडलंय असं वाटतं. काही बिघडलेलं नाही, सर्व्हर असाच दिसतो. या यंत्रासमोर बसायचं काम आता जवळजवळ संपलं.

पहिली कमांड ‘सुडो एपीटी अपडेट’, दुसरी ‘सुडो एपीटी अपग्रेड’. नंतर ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवून सुरू करा, म्हणजे सुरक्षेची अपडेट आपोआप येतात. लॅपटॉप असेल तर झाकण लावल्यावर तो झोपतो, ते थांबवायला ‘लॉगिनडी’च्या सेटिंग फाइलमध्ये झाकणाच्या ओळीपुढे ‘इग्नोर’ लिहावं लागतं.

जागा पक्की करणं

सर्व्हर वायफायवर ठेवू नका, राउटरला वायरने जोडा. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या यंत्रासाठी घरच्या नेटवर्कवरचा एक पत्ता (आयपी) राखून ठेवा. बहुतेक राउटरांत याला ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’ म्हणतात. हे केलं नाही तर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो, आणि काल चालणारी प्रत्येक गोष्ट आज सापडत नाही.

आता तुमच्या नेहमीच्या संगणकावरून ‘एसएसएच’ने, म्हणजे लांबून कमांड द्यायच्या सोयीने, आत जा. पासवर्डऐवजी किल्ली वापरा: ‘एसएसएच कीजेन’ने किल्लीची जोडी बनते, ‘एसएसएच कॉपी आयडी’ने तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर जातो. किल्लीने आत जाता आलं की सर्व्हरवर पासवर्डने शिरणं बंद करा. हे करताना आधीची खिडकी उघडीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत जाऊन बघा, जमलं तरच पहिली बंद करा. नाहीतर पुन्हा कीबोर्ड आणि मॉनिटर जोडत बसावं लागतं.

डॉकर, आणि पहिली सेवा

एकेक अ‍ॅप थेट यंत्रणेत बसवण्याऐवजी डॉकरच्या कंटेनरात, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात, चालवा. २०१३ मध्ये डॉकर आलं, आणि घरगुती सर्व्हरवाल्यांना त्याने दिलेलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे अ‍ॅप नको झालं तर ते मागे कचरा न ठेवता निघून जातं. डेबियनवर ते कसं बसवायचं याच्या पायऱ्या डॉकरच्या दस्तऐवजात आहेत, त्या एकामागून एक करा.

माझी मांडणी अशी आहे. ‘एसआरव्ही’ या फोल्डरात प्रत्येक सेवेला एक फोल्डर. त्यात कंपोजची (डॉकरने सेवा कशी चालवायची ते सांगणारी) एक फाइल, पासवर्डांची एक फाइल आणि त्या सेवेचा डेटा. कोणतीही सेवा हलवायची झाली तर ते एक फोल्डर उचललं की झालं. कंपोज फाइलमध्ये इमेजच्या (ज्यातून कंटेनर बनतो त्या तयार साच्याच्या) नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला तर हे फारच गरजेचं आहे, कारण त्याच्या एका मोठ्या आवृत्तीचा डेटा पुढची आवृत्ती थेट उघडत नाही. ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असेल तर एखाद्या साध्या अपडेटनंतर डेटाबेस सुरू व्हायलाच नकार देतो, आणि नवख्या माणसाला वाटतं सगळं गेलं.

डॉकरबद्दल आणखी एक गोष्ट, जी कळायला अनेकांना फार उशीर होतो. तुम्ही ‘यूएफडब्ल्यू’ची फायरवॉल लावून एखादं पोर्ट (सेवेशी बोलायचा क्रमांकाचा दरवाजा) बंद केलं, तरी डॉकरने उघडलेलं पोर्ट उघडंच राहतं, कारण डॉकर स्वतःचे नियम थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) तक्त्यांत लिहितं. राउटरमागे, घराच्या आत, याने लगेच काही होत नाही. पण फायरवॉल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्या सेवेशी फक्त त्याच यंत्रावरून बोलायचं आहे, तिच्या पोर्टच्या आकड्याआधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहा.

पहिली सेवा म्हणून जेलीफिन घ्या. घरातल्या गाण्यांच्या आणि व्हिडिओंच्या फाइली ते टीव्हीवर, फोनवर, ब्राउझरमध्ये दाखवतं. एम्बी नावाच्या प्रकल्पाने आपला कोड बंद केला तेव्हा, २०१८ च्या अखेरीस, त्याच्या खुल्या कोडातून काही लोकांनी जेलीफिन सुरू केलं. हे सांगते कारण घरी चालवायचं सॉफ्टवेअर निवडताना हा प्रश्न कामाचा असतो: उद्या बनवणाऱ्यांचं मन बदललं तर हे कुणाला पुढे नेता येईल का? खुल्या परवान्याचा अर्थ अशा दिवशी कळतो.

जेलीफिन पहिलं असण्याचं खरं कारण वेगळं आहे. त्याच्याकडे फक्त फाइलींच्या प्रती द्यायच्या, आणि त्याही नुसत्या वाचण्यापुरत्या. कंपोज फाइलमध्ये फोल्डरच्या ओळीशेवटी ‘आरओ’ लिहिलं की कंटेनर त्या फाइली बदलू किंवा पुसू शकत नाही. मग ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ८०९६ हे पोर्ट टाका, पान उघडतं. हा कंटेनर मुद्दाम बंद करा, पुसा, पुन्हा उभा करा. ‘डॉकर लॉग्ज’ वाचायची सवय लावा. चार वेळा मोडून परत जोडलं की भीती जाते.

घरभरच्या जाहिराती अडवणारं पाय-होल पहिल्याच आठवड्यात बसवायचा मोह होईल. त्या कामाला ते उत्तम आहे, पण घरातल्या प्रत्येक फोनचं इंटरनेट त्याच्या भरवशावर चालतं. सर्व्हर बंद पडला की घरभर ‘नेट गेलं’ असा ओरडा होतो. यंत्र महिनाभर न थांबता चालू दे, मग लावा.

कागदपत्रं, आणि मराठीचा एक पेच

दुसरी सेवा मी सांगेन पेपरलेस-एनजीएक्स. बिलं, पावत्या, दाखले स्कॅन करून त्यात टाकले की ते आतला मजकूर वाचतं आणि नंतर शब्द टाकून शोधता येतं. मूळ कागद कपाटात असतोच, त्यामुळे शिकण्याच्या काळात काही बिघडलं तरी नुकसान नाही.

मजकूर वाचायचं काम त्याच्या आतलं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर करतं, आणि टेसरॅक्टला मराठी येतं. मात्र ते आपोआप लागू होत नाही. पेपरलेसच्या सेटिंगमध्ये दोन ओळी लागतात: एक, कोणत्या भाषांच्या फाइली बसवायच्या, दुसरी, वाचताना कोणत्या भाषा वापरायच्या. दोन्ही ठिकाणी मराठीचा संकेत म्हणजे रोमन अक्षरांत एम, ए, आर. कागदावर इंग्रजीही असतंच, म्हणून दुसऱ्या ओळीत मराठी आणि इंग्रजी अधिकच्या चिन्हाने जोडून लिहा. पहिली ओळ विसरलात तर दुसरी निरुपयोगी ठरते. ३०० डीपीआयला स्कॅन केलेला छापील कागद चांगला वाचला जातो. जोडाक्षरं अधूनमधून चुकतात, पण शोधायला पुरतं. हस्ताक्षराकडून अपेक्षा ठेवू नका.

आता पेच. जुन्या मराठी पीडीएफ फाइली तुम्ही पाहिल्या असतील: पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा मिळतो. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेल्या असतात. पेपरलेसला अशी फाइल दिली की त्याला वाटतं, यात मजकूर आहेच, पुन्हा वाचायची गरज नाही. मग तो खिचडाच शोधसूचीत जातो आणि तुम्ही कितीही शोधलं तरी ती फाइल सापडत नाही. उपाय म्हणजे अशा फाइलींसाठी वाचण्याची पद्धत ‘फोर्स’ करणं. तेव्हा पान चित्रात बदलून नव्याने वाचलं जातं. फाइल थोडी जड होते, पण मूळ प्रत पेपरलेस वेगळी जपून ठेवतं. माझ्याकडच्या अशा फाइली मी एका दिवशी वेगळ्या काढल्या, ‘फोर्स’वर टाकल्या आणि नंतर सेटिंग परत ‘स्किप’वर आणलं. त्या संध्याकाळी आजोबांच्या नावाने शोधल्यावर जमिनीचा जुना कागद समोर आला, तेव्हा हे यंत्र आपल्या भाषेत आपल्यासाठी काम करतंय याचा फार आनंद झाला.

बॅकअप

आता ते तीन आठवडे.

मी बाहेरची यूएसबी डिस्क जोडली होती, आणि रोज रात्री ‘आरसिंक’ या प्रत काढणाऱ्या कमांडने फोटो तिच्यावर उतरवायची स्क्रिप्ट लावली होती. एकदा वीज गेली आणि आली. यंत्र सुरू झालं, पण ती डिस्क जोडली गेली नाही. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरावर ‘माउंट’ होते. डिस्क नसली तरी तो फोल्डर असतोच, आतल्या एसएसडीवर. आरसिंकला फोल्डर दिसला, त्याने त्यात लिहिलं आणि काम झाल्याचं सांगितलं. रोज रात्री. म्हणजे फोटो आणि त्यांचा बॅकअप एकाच एसएसडीवर शेजारी शेजारी बसले होते. एसएसडी भरली आणि सगळ्या सेवा एकदम बंद पडल्या तेव्हा मला कळलं. फोटो गेले नाहीत. पण त्या वीस दिवसांत ती एक डिस्क गेली असती तर बहिणीच्या बाळाचे पहिल्या महिन्याचे फोटो कुठेच उरले नसते.

म्हणून डिस्क अशी जोडा. ‘एफएसटॅब’ या डिस्कांच्या यादीच्या फाइलमध्ये ती नावाने नाही, तिच्या यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने) लिहा, कारण नावं यंत्र सुरू होताना बदलू शकतात. सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी यंत्र सुरू होतं. आणि डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डराला ‘सीएचएटीटीआर’ने ‘आय’ हा गुण लावून टाका. मग डिस्क नसताना तिथे रूटलाही लिहिता येत नाही, स्क्रिप्ट आरडाओरडा करते आणि तुम्हाला कळतं.

बॅकअपचं साधन म्हणून आता मी रेस्टिक वापरते. बॅकअपचं भांडार आधी एकदा तयार करावं लागतं आणि ते जागेवर नसेल तर रेस्टिक सरळ नकार देतं, नवं फोल्डर गुपचूप बनवत नाही. शिवाय सगळं कूटबद्ध असतं, आणि न बदललेल्या भागाची दुसरी प्रत साठवली जात नाही. सात दिवसांचे रोजचे, चार आठवड्यांचे आणि बारा महिन्यांचे बॅकअप ठेवायला सांगा. भांडाराचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून सर्व्हरपासून लांब ठेवा. तो हरवला तर आतलं काहीही कुणालाही काढता येत नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर हा नियम जुना आहे आणि तो पाळा. घराबाहेरची प्रत म्हणजे विश्वासाच्या माणसाकडे ठेवलेली डिस्कही चालते, दर महिन्याला अदलाबदल करायची. दोन डिस्कांचं रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणं, हा बॅकअप नाही, चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. सिंकथिंग या सॉफ्टवेअरचंही तसंच: ते दोन यंत्रांवरच्या फाइली सारख्या ठेवतं, त्यात पुसणंही आलं.

डेटाबेसच्या चालू फाइली उचलून नेल्या तर त्या अर्धवट लिहिलेल्या असू शकतात. सोपा मार्ग म्हणजे रात्री कंटेनर थांबवायचा, बॅकअप घ्यायचा, पुन्हा सुरू करायचा. घरात रात्री तीन वाजता पाच मिनिटं सेवा बंद असली तर कुणाचं काही अडत नाही. थांबवायचं नसेल तर पोस्टग्रेससाठी ‘पीजी डंप’ आहे.

मग तालीम. दुसरा एखादा संगणक घ्या, त्यावर फक्त डेबियन आणि डॉकर असू द्या. मूळ सर्व्हर बंद करा. हातात बाहेरची डिस्क आणि कागदावरचा पासवर्ड, एवढ्यावर पेपरलेस उभं करून दाखवा. पहिल्या वेळी मला पूर्ण दुपार लागली, कारण पासवर्डांची फाइल बॅकअपमध्ये घ्यायची राहिली होती. हे तालमीत कळलं म्हणून बरं. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटं लागली. तालीम जमत नाही तोवर पुढे जाऊ नका.

आता फोटो

इमिच त्याच्या दस्तऐवजात दिलेल्या कंपोज फाइलने बसवा, त्यात स्वतःच्या सुधारणा करू नका. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. आईच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं आणि झालं, असं करू नका. तिच्या शेजारी बसा, पहिला फोटो वर जाताना तिला दाखवा, आणि कोणते फोटो कुणाला दिसतात ते सांगा.

सुरुवातीलाच ‘स्टोरेज टेम्प्लेट’ हे सेटिंग चालू करा. ते बंद असताना फोटो डिस्कवर अगम्य नावांच्या फोल्डरांत साठतात. चालू केल्यावर वर्ष आणि दिवसांच्या फोल्डरांत नीट लागतात. बॅकअपमध्ये मूळ फोटो आणि डेटाबेस दोन्ही हवेत. नुसते फोटो राहिले तर अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं जातात, नुसता डेटाबेस राहिला तर काहीच उरत नाही. छोटी चित्रं आणि रूपांतरित व्हिडिओ वगळले तरी चालतात, ते पुन्हा बनतात. आणि फोनवरचे फोटो लगेच पुसू नका. दोन बॅकअप झाले, त्यातले पाच-दहा फोटो परत काढून उघडून पाहिले, मग पुसा.

घराबाहेरून

राउटरवर पोर्ट उघडून सेवा थेट जगासमोर ठेवू नका. उघड्या पोर्टावर थोड्याच वेळात अनोळखी यंत्रं धडका द्यायला लागतात, हे लॉगमध्ये प्रत्यक्ष दिसतं. त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची कूटबद्ध खासगी वाट, वापरा. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. त्यासाठी एकच यूडीपी पोर्ट लागतं, आणि योग्य किल्ली नसलेल्याला ते काही उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला ते आहे हेही कळत नाही.

राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे आणि बाहेरून तुमच्या घरापर्यंत थेट वाट नाही. अशा वेळी टेलस्केल हे तयार व्हीपीएन कामाला येतं. तेही आतून वायरगार्डच वापरतं, आणि दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करत असल्याने अडत नाही.

पासवर्ड सांभाळणारं व्हॉल्टवॉर्डन हे सगळं दोन-तीन महिने सुरळीत चालल्यावरच आणा. स्वतःचा ईमेल सर्व्हर तर आणूच नका. तो उभा करणं जमतं, पण घरच्या जोडणीवरून गेलेलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं किंवा पोहोचतच नाही, आणि कोणतं पोहोचलं नाही हे तुम्हाला कळत नाही.

देखभाल, आणि एक वही

महिन्यातून एकदा अर्धा तास काढा. ‘डीएफ’ने जागा बघा, ‘रेस्टिक चेक’ चालवा, सेवांच्या नव्या आवृत्तीची टिपणं वाचा. आधी बॅकअप, मग अपडेट, एका वेळी एकच सेवा.

आणि एक वही करा, कागदाची. तुम्ही घरी नसाल, आजारी असाल किंवा कधीच परत येणार नसाल, तर घरच्यांना त्यांचे फोटो कसे मिळतील ते तिच्यात लिहा. कमांड लिहू नका, घरातल्या ज्याला संगणक फक्त वापरता येतो त्याला समजेल असं लिहा. लिनक्सची डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली तर तो ती वाचत नाही, उलट ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो. घाबरलेल्या माणसाचं बोट ‘हो’वर पडायला वेळ लागत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मी सगळ्या फोटोंची एक साधी, कूटबद्ध न केलेली प्रत एक्सफॅट (विंडोजलाही वाचता येणाऱ्या) पद्धतीने फॉरमॅट केलेल्या वेगळ्या डिस्कवर काढते. ती कुठल्याही संगणकाला लावली की वर्षांची फोल्डरं दिसतात. डिस्कवर प्रत काढल्याची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवलेली आहे, ती वहीबरोबर कपाटात कुलपात असते, आणि किल्ली कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत आहे.